उघड्या हातांचे मुटके

दोह्यातल्या अल मन्सुरा भागात, तिथल्या कोकणी घरांत गावाहून वाईट फोन आला की तो पुढं दोन ठिकाणी जातो. आधी नातेवाइकांकडे, मग मैमुनाकडे. मैमुना त्यांतल्या बहुतेकांची कुणीच लागत नाही. ती दाभोळच्या खाडीकाठची. ते कुणी श्रीवर्धनचे, कुणी राजापूरचे. पण तिच्याकडे एक मोठं टोप आहे, हाताला चव आहे आणि मुख्य म्हणजे दुःखाच्या दारात उभं राहायची तिला भीती वाटत नाही. ही तिसरी गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. लग्नाच्या दावतीला सगळा दोहा हजर असतो. मय्यतीच्या घरी जायचं म्हटलं की एकाला ड्यूटी असते आणि दुसऱ्याचं डोकं दुखतं.

इथं मरणं फोनवर येतात. माणूस जातो तिकडं आणि रडणारे असतात इकडं. घरात ना मय्यत, ना जनाजा. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये भिंतीला टेकून बसलेली माणसं आणि वर घरघरणारा एसी, एवढंच. अशा घरात तीन दिवस चूल पेटवायची नाही, शेजारपाजाऱ्यांनी जेवू घालायचं, ही रीत गावाकडून विमानात बसून इथं आली. ती पाळायला शेजारी मात्र आले नाहीत. ती जागा मैमुनानं भरून काढली आणि ती नेहमी एकच जेवण न्यायची. कोंबडी आणि मुटके.

मुटके म्हणजे तांदळाच्या पिठाची उकड काढायची, त्यात थोडं ओलं खोबरं घालायचं, गरम असतानाच ओल्या हातानं मळायची आणि लहान लहान गोळे करून कोंबडीच्या उकळत्या रश्शात सोडायचे. आधी ते तळाला जातात, शिजले की वर येतात आणि रस्सा त्यांच्या पिठानं दाट होतो. एरवी घरी करतात तेव्हा गोळा मुठीत धरून दाबायचा. चार बोटांच्या चार खाचा उमटतात, त्या खाचांत रस्सा बसतो आणि खाणाऱ्याचा जीव सुखावतो. मय्यतीच्या घरचे मुटके मात्र दाबायचे नाहीत. दोन उघड्या तळव्यांमध्ये नुसते गोल वळायचे. माणूस येतो तो मुठी आवळून आणि जातो तो हात उघडे टाकून. जिथून कुणी गेलंय त्या घरासाठी मूठ आवळायची नाही, असं मैमुनाच्या फुफीनं, म्हणजे आत्यानं, तिला शिकवलं होतं. रश्शाला तळलेला कांदाही घालायचा नाही. कांद्याचा वास जिन्यात पसरला म्हणजे लोकांना वाटतं, घरात खुशी आहे.

खालच्या मजल्यावर नाशिकची पूर्णिमा राहते. नवरा गॅस कंपनीत इंजिनीअर, बाई मोठ्या मनाची आणि तोंडाची त्याहून मोठी. तिनं एकदा मैमुनाच्या ओट्यावर गोल मुटके पाहिले आणि हे आमच्या वरणफळांचे चुलतभाऊ दिसतात म्हणत एक तोंडात टाकायला निघाली. मैमुनानं तिचा हात धरला. हे खायचे नसतात, पोचवायचे असतात, असं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी खाचांचे करून तिला डबा भरून दिला. खाचांचे मुटके पूर्णिमाच्या घरी फार वेळा गेले. पण खरं सांगायचं तर गेल्या काही वर्षांत मैमुनानं गोलच जास्त वळले. मन्सुऱ्यातल्या कोकण्यांचे आईबाप आता जायच्या वयाला आले होते.

मैमुनाचा नवरा नसरुद्दीन इंडस्ट्रियल एरियात एसीच्या सुट्ट्या भागांच्या गोदामात स्टोअरकीपर. माणूस नेमका, थोडा तुसडा, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात. शुक्रवारी नमाज झाली की बायकोला एशियन टाउनला नेणार, भाजी स्वतः निवडणार आणि परत येताना दर वेळी म्हणणार की खाडीची मासळी ती खाडीची मासळी. दोन मुलं. थोरला सोहेल, धाकटी रिफत. रिफत इथंच शिकली, कोकणी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीतून देते. सोहेलचं इथं काही जमलं नाही. दोन नोकऱ्या धरल्या, सोडल्या, बापाशी खटके उडाले आणि पोरगा गावी गेला तो चिपळूणला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसायला लागला. नसरुद्दीन वर्षभर त्याच्याशी बोलला नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तशातला तो. मैमुना मधल्यामध्ये दोघांचे निरोप पोचवायची आणि प्रत्येक निरोपात आपल्या पदरची थोडी साखर घालायची.

मग नसरुद्दीनची छाती दुखायला लागली. तपासणीत तीन नळ्या तुंबलेल्या निघाल्या. बायपास करावं लागेल, तोवर घरी सोडत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. हॉस्पिटलच्या पलंगावर पडल्या पडल्या त्या तुसड्या माणसाचा पीळ सुटला. त्यानं स्वतः सोहेलला फोन लावला आणि म्हणाला, ये. एवढंच म्हणाला. पण मैमुना तिथंच उभी होती, तिनं तो शब्द ऐकला आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन आनंदानं रडली.

सोहेलचा पासपोर्ट संपत आला होता. तो नवा करून घ्यायला तो चिपळूणहून मोटरसायकलवर रत्नागिरीला निघाला आणि हायवेवर एका डंपरखाली गेला. दुपारी फोन आला, तो नणंदेचा, हमिदाबुबूचा. संध्याकाळी मगरिबच्या आत मातीही झाली. मैमुनानं फोनच्या पडद्यावर पोराचं तोंड पाहिलं. कुणीतरी चादर बाजूला केली, चित्र हललं, नेटवर्क गेलं. परत लागलं तेव्हा तिथं नुसती गर्दी दिसत होती.

आई म्हणून तिनं जायला नको होतं का? तिनं स्वतःला हे इतक्या वेळा विचारलं की प्रश्नाची धारच बोथट झाली. पण इकडं नवरा पलंगावर होता. केरळचे डॉक्टर भले माणूस होते. त्यांनी हिंदीत स्वच्छ सांगितलं की ऑपरेशनपर्यंत याला कसलाही धक्का बसता कामा नये, हृदयाची हालत तशी नाही; मग पुढं काय ते तुम्ही जाणा. हमिदाबुबूही फोनवर तेच म्हणाली. गेलेला गेला, आता राहिलेल्याला सांभाळ. आणि यात आणखी एक गोष्ट होती, ती कुणी बोललं नाही. पोरगा बापाच्या बोलावण्यावरून निघाला होता. हे कळल्यावर नसरुद्दीन जगेल असं मैमुनाला वाटत नव्हतं. तिनं ठरवलं, ऑपरेशन होईपर्यंत तोंडाला कुलूप.

कुलूप लावायचं तर ते सगळ्यांनाच लावावं लागतं. मन्सुऱ्यात एका घरात शिंकलं तर चार घरांत दुवा म्हणतात. एकाला सांगितलं असतं तर अस्रच्या नमाजेला मशिदीत सगळ्यांनी हात उचलले असते आणि रात्री कुणीतरी फळं घेऊन नसरुद्दीनला भेटायला गेलं असतं. म्हणून तिनं कुणालाच सांगितलं नाही. हॉस्पिटलचा नियम आहे असं खोटंच सांगून रिफतनं बापाचा फोन काढून घेतला. रिफतला हे मुळीच पटत नव्हतं. "ही हॅज अ राइट टू नो, अम्मी," एवढं ती एकदा म्हणाली आणि बाथरूममध्ये नळ सोडून बसली.

असं ते घर मय्यतीचं घर झालं आणि मय्यतीचं आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून कुणी डबा घेऊन आलं नाही. ज्या बाईनं निम्म्या दोह्याच्या दुःखाला जेवू घातलं तिच्या दाराची बेल वाजली नाही. दोघी मायलेकी खजूर आणि पाण्यावर राहिल्या. मैमुनाला भूक नव्हती म्हणा, पण दार वाजावं असं मात्र तिला फार वाटत होतं. दोनदा ती उगाच उठून दारापर्यंत जाऊन आली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी नसरुद्दीननं बायकोला सांगितलं की आज दुपारी तुझ्या हातचे मुटके खाऊ दे, रात्रीपासून तोंडात पाणीही घालू देणार नाहीत. माणूस कधी काही मागत नसे. डॉक्टर म्हणाले, तेल नको, मीठ बेताचं, बाकी हरकत नाही. मैमुना घरी आली. चूल न पेटवायचे तीन दिवस अजून सरले नव्हते. ती गॅससमोर लायटर हातात धरून उभी राहिली. नवऱ्याचं हे कदाचित शेवटचं मागणं, आणि पोराच्या कबरीवरची माती अजून ओली. कुणाचं ऐकायचं? जिवंत माणसाला भूक असते, असं तिनं स्वतःला बजावलं आणि गॅस पेटवला. पोराची माफी मागितली.

कोंबडी शिजत घातली. आलं, लसूण, हिरवी मिरची, चार मिरी, पातळ नारळाचं दूध. तेल नको म्हणून कांदा तळला नाही, नुसता उकडला. उकड काढली, ओल्या हातानं मळली. मग ती खाली बसली, परात मांडीशी ओढली आणि वळू लागली. सोहेल लहानपणी तिच्याशेजारी बसून पिठाचे साप करायचा आणि ते रश्शात सोडायचा हट्ट धरायचा, हे तिला आठवलं. इतर काय काय आठवलं ते सांगून उपयोग नाही. परात रिकामी झाली, मुटके रश्शात गेले, वर आले. तिनं झाकण ठेवलं आणि नमाजेला उभी राहिली. डबा रिफतनं भरला.

लिफ्टमध्ये पूर्णिमा भेटली. वास घेऊन म्हणाली, आज भाऊंची चैन आहे. मग डब्यावर हात ठेवून तिनं विचारलं, "सोहेल निघाला का ग? बाबांना किती बरं वाटेल."

"येईल, इन्शाल्ला," मैमुना म्हणाली.

शब्द गेला तो गेला. अल्लाचं नाव घेऊन आपण हे काय बोललो, या विचारानं ती लिफ्टच्या भिंतीला टेकली. रिफतनं तिचा दंड धरला. पूर्णिमाला वाटलं, बाई नवऱ्याच्या काळजीनं अर्धी झालीय. तिनं तिला जवळ घेतलं, थोपटलं आणि तळमजल्यावर निघून गेली.

नसरुद्दीन उशीला टेकून वाट बघत होता. दाढी करून घेतली होती, केस विंचरले होते. रिफत खाली औषधाच्या चिठ्ठीसाठी थांबली. मैमुनानं पुढ्यात ट्रॉली ओढली, डबा उघडला, चमचा दिला. चेहऱ्याचा तिनं सराव केला होता. फोन आल्यापासून ती आरशासमोर तोच एक धंदा करत होती. चेहऱ्यानं दगा दिला नाही. नसरुद्दीननं वाफ छातीभर घेतली, चमचा बुडवला, एक मुटका वर काढला आणि तसाच थांबला. तो परत सोडून दुसरा काढला. मग तिसरा.

तेव्हा मैमुनाचं लक्ष डब्यात गेलं. सगळे मुटके गोल होते. एकालाही बोटाची खाच नव्हती.

डोक्यानं किती लपवलं, किती बजावलं. पण हातांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. वर्षानुवर्षं जे घर दुःखाचं असेल त्याच्यासाठी ते हात उघडे राहून वळत आले होते आणि आजही त्यांनी आपलं काम चोख केलं होतं. पाहिलं असतं तर रिफतनं पाहिलं असतं, पण इथं वाढलेल्या पोरीला खाचा काय आणि गोल काय. मैमुना घाईघाईनं सांगू लागली की डॉक्टरांनी तेल नको म्हटलं, म्हणून कांदा नाही, म्हणून असे.

"तेलाचां समाजलां," नसरुद्दीन म्हणाला. "मूठ का नाय दाबलीस?"

मैमुना डब्याचं झाकण पुसू लागली.

"कोण गेलां?"

बाजूच्या पलंगावरचा म्हातारा बंगाली झोपला होता. खिडकीबाहेर पार्किंगमध्ये गाड्यांच्या टपांवर ऊन तळपत होतं. खोटं बोलायचं तर याच घडीला बोलायचं होतं. कुणीतरी लांबचं, कुणीतरी म्हातारं, एखादं नाव. पण जिवंत माणसाला तोंडानं मारायचं कसं? ज्या हमिदाबुबूशी ती सकाळीच बोलली होती तिचं नाव जिभेच्या टोकापर्यंत आलं आणि तिथंच अडकलं.

ते नाव नसरुद्दीनच घेऊन बसला. हमिदाबुबू? मैमुनानं मान हलवली, नाही. दुलाभाई, म्हणजे बुबूचा नवरा? नाही. मग त्यानं धाकट्या भावाचं नाव घेतलं. नाही. भावाच्या बायकोचं. नाही. गोदामात माल मोजावा तसा तो वयानं उतरत चालला होता, थोरल्याकडून धाकट्याकडे, एकेक नाव सावकाश, आणि प्रत्येक नकाराला त्याच्या चेहऱ्यावर आधी हायसं आणि मग त्याहून मोठी भीती दिसत होती. मैमुनाला ती उतरण कुठं जातेय ते दिसत होतं. त्याला थांबवायचं कसं ते कळत नव्हतं. भावंडं संपली. आता पुढची पिढी. तिच्यात सगळ्यांत थोरला एकच.

नसरुद्दीननं तोंड उघडलं आणि मिटलं.

मशीन त्याच्या डोक्याशी पटापट टिकटिकायला लागलं. दाराशी नर्स डोकावली. त्यानं तिला हात करून सांगितलं, ठीक आहे, ऑल ओके. तो डोळे मिटून पडला. मैमुना पलंगाची कड घट्ट धरून त्या मशीनवरच्या हिरव्या रेघेकडे बघत राहिली. अल्ला, एकाला नेलंस ते पुरे झालं, एवढंच ती म्हणत होती. कितीतरी वेळानं रेघ जरा शांत झाली.

"आता सांगू नको," डोळे न उघडता तो म्हणाला. "नाव घेऊ नको. उद्या होऊन जाऊ दे." मग त्यानं विचारलं, "माती कोणी दिलीन?"

"दुलाभाईनी," ती म्हणाली. "सगळी वाडी होती."

त्यानं मान हलवली. डबा पुढं ओढला आणि खाऊ लागला. मय्यतीच्या जेवणाला नाही म्हणत नाहीत, चांगलं झालंय असंही म्हणत नाहीत. त्यानं दोन्ही पाळलं. एकेक मुटका तो चावत होता आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी दाढी केलेल्या गालांवरून सरळ खाली येत होतं, ते तो पुसत नव्हता. अर्धा डबा झाल्यावर त्यानं विचारलं, तू काही खाल्लंस का. तिनं डबा त्याच्याकडे सारला. तेव्हा त्यानं चमचा भरून तिच्या तोंडाशी धरला. आयुष्यात त्यानं तिला कधी भरवलं नव्हतं, लग्नाच्या दिवशीसुद्धा नाही. बायाबापड्यांनी किती गळ घातली तेव्हा लाजून उठून गेला होता. मैमुनानं तोंड उघडलं. मुटका मऊ होता, मीठ कमी होतं.

रिफत आली तेव्हा दोघं शेवटचा रस्सा संपवत होती. बापानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. पोरीनं आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली आणि रिफतला कळलं की आता खोटं बोलायची गरज उरली नाही, पण बोलायचंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला नेलं. जाताना त्यानं मागं वळून पाहिलं नाही. मैमुना बाहेरच्या खुर्चीवर बसली. तिला आता दोन गोष्टींची भीती होती. हा परत आलाच नाही तर? आणि आला तर? खरं तर दुसरी पहिलीहून मोठी होती. हे तिनं कुणाला सांगितलं नसतं, पण होती. त्याला जे कळलं ते तो मध्ये अडवून बसला होता. तो बांध फुटेल तेव्हा आपल्यालाच समोर उभं राहावं लागणार होतं.

दुपार उलटून गेल्यावर डॉक्टर आले. ऑपरेशन नीट झालं, असं म्हणाले. मैमुना त्यांना शुक्रन म्हणाली, शुक्रिया म्हणाली, थँक यू म्हणाली.

त्याच्या घशातली नळी काढली त्या दिवशी एका वेळी एकाच माणसाला आत सोडत होते. मैमुना गेली. नसरुद्दीन एका रात्रीत म्हातारा झाल्यासारखा दिसत होता. छातीवर पट्ट्या, हातांना सुया, ओठ फुटलेले. ती जवळ गेल्यावर त्यानं बोटं हलवली. तिनं ती धरली. त्याला बोलायला फार कष्ट पडत होते. आवाज नुसता हवेचा येत होता.

"आता सांग," तो म्हणाला.

मैमुनाला वाटत होतं, ही गोष्ट सांगायची उरलेलीच नाही. त्याला सगळं कळलेलं आहे, आपल्याला तर आधीपासूनच कळलेलं आहे. आता काय राहिलंय? पण तो तिच्या तोंडाकडे बघत होता आणि तिला उमगलं की त्या दुपारी फोन आल्यापासून तिनं स्वतः ते नाव एकदाही मोठ्यानं घेतलेलं नाही. ना हमिदाबुबूशी, ना रिफतशी, ना नमाजेतल्या सजद्यात. ती त्याला वाचवत होती हे खरं. पण त्या वाचवण्याच्या आडोशाला ती स्वतःही बसून राहिली होती.

"सोहेल," ती म्हणाली. "आपला सोहेल गेला."

नसरुद्दीननं डोळे मिटून मान हलवली. आणि मैमुना, जिनं मन्सुऱ्यातल्या इतक्या घरांत जाऊन इतक्या बायांना रडू दिलं होतं, ती पलंगाच्या कडेवर कपाळ टेकून मोठ्यानं रडायला लागली, इतक्या मोठ्यानं की नर्स धावत आली आणि तिला बाहेर घेऊन गेली.